आण्णांच्या हातचे दाणे

मटारएवढे ते मासे दुकानातले कोरडे दाणे खात नाहीत. टाकी आणायच्या आधीपासून मला हे माहीत होतं. आण्णांना मात्र मी सांगितलं, दाणे खातात.

आण्णा म्हणजे माझे वडील. जन्मभर ईट गावात शेती केली. लकव्यानं उजवी बाजू गेल्यावर मी त्यांना धाराशिवला आणलं, पुढच्या खोलीत खाट टाकली. दिवसभर ते भिंतीकडं बघायचे आणि मी ऑफिसातून आलो की माझ्याकडं. बोलायचे नाहीत, नुसते बघायचे. त्यांच्या विरंगुळ्यासाठी टाकी आणली, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर त्यांनी दुसरीकडं बघावं म्हणून आणली.

नव्या टाकीत लगेच मासे सोडता येत नाहीत. माशांच्या घाणीनं पाणी विषारी होतं. ते विष पचवणारे जिवाणू आधी आत वसावे लागतात. दुकानदारानं त्याच्या जुन्या टाकीतल्या स्पंजाचा एक काळपट तुकडा दिला आणि फिल्टरमध्ये ठेवायला सांगितलं. रोज चिमूटभर खाद्य टाकून सडू द्यायचं, मग काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब घालायचे. हिरवं झालं तर विष आहे, पिवळं राहिलं तर नाही.

"रिकामीच हाय की," आण्णा म्हणाले.

"पाणी तयार व्हायलंय."

"तयार व्हायला ते काय दही हाय?"

मी स्पंजाचं सांगितलं.

"मग विरजण लावलंय म्हण की. उगं विष-बिष काय सांगतूस."

तेव्हापासून रोज सकाळी विचारायचे, "लागलं का?" मी नळी त्यांच्या डोळ्यांसमोर धरायचो. ते डोळे बारीक करून म्हणायचे, "हिरवंच हाय. हालवू नगंस टाकी." हिरवं गेलं, मग दुसऱ्या एका विषाच्या तपासणीतला जांभळा रंग उतरायला आणखी तीन आठवडे लागले. त्या रिकाम्या टाकीच्या दिवसांत आम्ही जेवढं बोललो तेवढं आधी कधी बोललो नव्हतो. त्यात खोटं काही नव्हतं.

मग सहा मासे आले. त्यांचे दोन डोळे वेगवेगळे फिरतात. काचेपाशी येऊन ते माणसाला न्याहाळत बसतात.

"हे तर बघतेत आपल्याकडं," आण्णा म्हणाले. "काय खातेत?"

"दाणे."

आण्णांच्या गळ्यात तुळशीची माळ. मुंगी दिसली तरी पाय उचलून टाकणारा माणूस. आणि या माशांना लागतात जिवंत किडे, बारक्या पाणगोगलगायी. न्हाणीत एका बरणीत मी त्या वाढवत होतो, उकडलेल्या काकडीच्या चकतीवर. सकाळी आण्णा डोळे मिटून जप करायचे, तेवढ्यात चार-पाच गोगलगायी टाकीत सोडायचो. त्यांचा जप आटोपेपर्यंत माशांचं झालेलं असायचं. रिकामे शंख वाळूवर दिसायचे. ते शोभेचे आहेत, असं सांगितलं होतं.

पुढं आण्णांची उजवी बोटं जराशी हलायला लागली. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, बारीक वस्तू उचलायला लावा. आण्णाच म्हणाले, "माशाला दाणे मी टाकतो."

ईटला कुणाची म्हैस वैरणीला तोंड लावत नसली की आण्णांना बोलवणं यायचं. त्यांच्या हातचं खायची. हे त्यांनी मला कितीदा सांगितलं असेल.

मी दुकानातून दाण्यांचा पुडा आणला. आण्णांना एक दाणा उचलायला दोन-तीन मिनिटं लागायची. कपाळाला घाम यायचा. दाणा पाण्यात पडला की मासे यायचे, बघायचे, वळून जायचे. असं आठ दिवस चाललं. दुपारी त्यांचा डोळा लागला की मी खाली बसलेले दाणे नळीनं ओढून काढायचो.

नवव्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुझ्या हातचं खातेत का?"

"खातात," मी म्हणालो.

विचारही केला नाही. तोंडातून निघालं.

ते म्हणाले, "ह्या हातात काय ऱ्हायलं न्हाय." डाव्या हातानं पुड्याला चिमटा लावला आणि उजवा हात चादरीखाली घेतला. दुसऱ्या दिवशी बाईंनी वाटीत राजम्याचे दाणे आणले. आण्णांनी हात बाहेर काढला नाही. नंतरही काढला नाही.

बायकोला सगळं माहीत होतं. "सांगून टाका की त्यांना," ती म्हणाली.

"माळकरी माणूस. टाकी काढायला लावतील."

"माळ त्यांच्या गळ्यात आहे, माशांच्या नाही. आणि काढली टाकी, तर काय बिघडतंय?"

काय बिघडणार होतं ते मला ठाऊक होतं. टाकी गेली असती तर ते परत माझ्याकडं बघत बसले असते. माळेचा मान-बिन काही नव्हता. एवढंच होतं.

शेवटी आण्णा दवाखान्यात होते तेव्हा एकदा शुद्धीवर आले. "मासे जेवले?"

"जेवले."

"दाणे?"

"हो."

त्यांनी मान हलवली. दोन दिवसांनी गेले. लोक आले, बसले, उठले. मी सगळ्यांना चहा विचारत होतो. रडू आलं नाही, अजून आलेलं नाही.

मासे चांगले आहेत. बरणी आता टाकीच्या शेजारीच असते. मी झाकण उचललं की सहाही जण वर येतात. दाण्यांचा पुडाही तिथंच आहे, चिमटा तसाच तिरपा.

काल तो काढला. एक दाणा घेतला आणि माझ्या हातानं पाण्यात टाकला. मासे आले, त्यांनी बघितलं, वळून गेले.

आण्णांच्या समोर एकदा एवढं करायला पाहिजे होतं.