येसण्णाची रजा

येसाजीराव आणि मी चामराजपेटेत एकाच गल्लीत वाढलो आणि पुढं शहर बसच्या एकाच डेपोत लागलो. तो कंडक्टर, मी ड्रायव्हर. आमचे पूर्वज म्हणे मराठ्यांच्या फौजेबरोबर घोड्यावर बसून बेंगळुरात आले. आम्ही आयुष्यभर मार्केट ते डेपो केलं. तो माझ्याहून थोडा मोठा, म्हणून मी त्याला येसण्णा म्हणतो.

ड्रायव्हरला रस्ता दिसतो, माणसं दिसतात ती कंडक्टरला. येसण्णाला ती जरा जास्तच दिसायची. मागून धावत येणारी बाई दिसली की शिट्टी मारून मला थांबवायचा. मी आरशातून डोळे वटारायचो. तो म्हणायचा, "स्वल्प थांब की रे, तिला पण घरी जायचंय." उभ्या नोकरीत त्यानं कुणाच्या तोंडावर दार लावलं नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही, रागानं सांगतो. पुढं जे झालं ते अशाच माणसाच्या वाट्याला का यावं?

त्याची बायको सकवारबाई लवकर गेली. तिच्या हाताचं मटण साऱ्या गल्लीला माहीत होतं. ती गेल्यावर येसण्णा स्वतः शिकला, आणि दर रविवारी वाट्या भरून चार घरी द्यायला लागला. आमच्या गल्लीत 'येऊ का' असं कुणी विचारत नाही. दार ढकलायचं, आत जायचं, वाटी ओट्यावर ठेवायची. विचारून येतो तो वसुलीवाला.

त्याचा एकुलता एक मुलगा अभिमन्यू शिकून हॉलंडला गेला. नात झाली, सिद्धी, तेव्हा त्यानं बापाला तिकडं बोलावून घेतलं. गेल्या-गेल्या येसण्णानं काय केलं, तर मटण शिजवलं आणि वाटी घेऊन वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याचं दार वाजवलं. म्हाताऱ्यानं दारातच वाटी घेतली, आभार मानले आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी वाटी धुऊन, रिकामी, पायपुसण्यावर ठेवलेली. अभिमन्यू म्हणाला, "अप्पा, इथं न सांगता कुणाकडे जात नाहीत. आधी विचारायचं, ते दिवस ठरवतात, मग जायचं." येसण्णानं ऐकलं. देश तसा वेश, म्हणाला. परत येईपर्यंत तो स्वतःच्या मुलाच्या खोलीबाहेर उभा राहून टकटक करायला शिकला होता. आल्यावर मला हसत सांगत होता. मला नाही हसू आलं.

मग अभिमन्यू कायमचा परत येणार, असं कळलं. येसण्णानं वरची खोली रंगवून घेतली, न्हाणीघरात गरम पाण्याचं यंत्र बसवलं. अभिमन्यूनं कोरमंगलात उंच इमारतीत घर भाड्यानं घेतलं. "चामराजपेटेत पार्किंग कुठं अप्पा?" म्हणाला. एवढी शंभर वर्षं आम्ही पार्किंगशिवाय जगलो, हे आम्हाला तेव्हा कळलं.

पहिल्याच रविवारी येसण्णा डबा घेऊन दोन बस बदलून गेला. गेटवर वॉचमन म्हणाला, घरातून मंजुरी आली की सोडतो. मोबाईलवर निरोप गेला. अभिमन्यूचा फोन सायलेंटवर. येसण्णा उन्हात उभा, हातात डबा, समोर मुलाची बाल्कनी. तासाभरानं मुलगा धावत खाली आला, खूप वाईट वाटलं त्याला. पण म्हणाला काय? "अप्पा, येण्याआधी मेसेज टाकायचा ना."

त्या संध्याकाळी येसण्णा माझ्या पायरीवर बसला. "तिथं त्यांचा देश होता रे," म्हणाला. "त्यांची रीत मी पाळली. इथं मी कुणाची पाळू?"

पण पुढच्याच आठवड्यात तो हरखून आला. अभिमन्यूनं त्याचा फोटो काढून इमारतीच्या ॲपवर टाकला होता आणि त्याला एक नंबर दिला होता. गेटवर तो सांगितला की सरळ आत. ना फोन, ना मंजुरी. साऱ्या गल्लीला त्यानं सांगितलं, "मला घरचा नंबर मिळाला." त्याला दुसरं काही नकोच होतं. मुलाच्या घरात न विचारता शिरता यावं, एवढाच हक्क. मग रविवारचा तो बुधवारीही जायला लागला.

नंबरवाल्यांचं गेट मागच्या बाजूला होतं. लिफ्टही वेगळी. येसण्णाला ती बाजू आवडली. कामाला येणाऱ्या बायका, पेपरवाला, गाड्या पुसणारे, सगळ्यांशी ओळखी झाल्या. "आपल्या बसमध्ये चढल्यासारखं वाटतं," म्हणायचा. बाहेर पडताना वॉचमन पिशवी उघडून बघायचा. सगळ्यांचीच बघत असतील, असं त्याला वाटलं.

एका रविवारी मागची लिफ्ट बंद होती, म्हणून तो पुढच्या लिफ्टमध्ये शिरला. आत एक बाई होती, संयोगिता नावाची, पुण्याहून नोकरीसाठी आलेली. त्याच्याकडे बघून तिचा चेहरा खुलला.

"काका, तुम्ही येसाजी ना? ॲपवर नाव बघितलं तेव्हाच म्हटलं, हे मराठी असणार! इतकं बरं वाटलं!"

येसण्णालाही बरं वाटलं. कुठली, काय, विचारणार होता. तेवढ्यात ती म्हणाली, "तुम्ही फक्त सातशे दोनलाच करता का? आमच्याकडे पण याल? सकाळचा स्लॉट चालेल. आपल्या पद्धतीचं जेवण करणारं इथे कोणी मिळतच नाही हो. आणि तुमचं रेटिंग किती छान आहे!"

त्याला कळेना. तिनं फोन पुढं धरला. त्याचा फोटो, त्याचं नाव, नावाखाली इंग्रजीत 'कुक'. कंडक्टरला तेवढं इंग्रजी वाचता येतं. त्याखाली पाच तारे. ते अभिमन्यूनं दिलेले.

येसण्णा वर गेला, डबा ठेवला आणि शांतपणे मुलाला विचारलं. अभिमन्यू गोंधळला नाही, हेच मला जास्त लागलं.

"अप्पा, ती नुसती कॅटेगरी आहे. आम्ही भाडेकरू. घरचा माणूस म्हणून नोंदवायचं तर मालकाची सही, सोसायटीचं ऑफिस, हेलपाटे. हे दोन मिनिटांत झालं. तुम्ही परत उन्हात उभं राहू नये म्हणूनच केलं ना?"

खरं होतं ते. मायेनंच केलं होतं त्यानं. माया अशीही करता येते, हे आमच्या गल्लीत कुणाला माहीत नव्हतं.

सून रम्या मात्र खाली मान घालून म्हणाली, "मामा, मनावर घेऊ नका. आम्ही बदलून घेतो." रिकामा डबा परत द्यायचा नाही म्हणून तिनं त्यात लाडू घातले. खाली वॉचमननं डबा उघडला, लाडू बघितले आणि विचारलं, "मॅडमने दिया?" येसण्णा हो म्हणाला. वॉचमननं तरीही वर फोन करून खात्री करून घेतली. तेवढा वेळ येसण्णा उभा राहिला, पाठीमागं कामवाल्या बायकांची रांग. त्यातल्या एकीनं त्याला कन्नडमध्ये समजावलं, "असंच असतं अण्णा, सवय होते."

त्यानंतर तो गेला नाही. मुलाला काही बोलला नाही, भांडला नाही. रविवारी मटण शिजायचं, वाट्या गल्लीत जायच्या. मी म्हटलं, "एकदा त्याला चांगलं फटकाव की." म्हणाला, "काय सांगू? त्याला चूक दिसतच नाही. जे दिसत नाही त्याच्यावरून कसं भांडायचं?" मला मात्र अभिमन्यूच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती, अजूनही वाटते.

मग महिन्याभरानं आम्ही दोघं चहा पीत बसलो असताना त्याचा फोन वाजला. येसण्णाला ऐकू कमी येतं, म्हणून तो स्पीकर लावतो.

"अप्पा, तुम्ही आला नाहीत बरेच दिवस? ॲपवर ॲबसेंट दाखवतंय. तब्येत बरी आहे ना?"

"ॲपनं सांगितलं होय?"

"हो, त्याचं नोटिफिकेशन येत असतं. आज सहज बघितलं."

येसण्णानं कप खाली ठेवला. डेपोत साहेबांसमोर उभा राहायचा तसा ताठ बसला.

"बरा आहे सर," म्हणाला. "रजा टाकलीय."

पलीकडे अभिमन्यू खळखळून हसला. "काय अप्पा तुम्ही पण!" सिद्धी आठवण काढते म्हणाला, मीटिंग आहे म्हणाला, फोन ठेवला.

 थोड्या वेळानं फोन पुन्हा वाजला, मेसेज होता. येसण्णानं चष्मा नाही म्हणून तो माझ्याकडे दिला. चष्मा त्याच्या खिशात होता, मला दिसत होता.

मी वाचून दाखवलं. 'रजा मंजूर.' पुढं हसरा चेहरा.

"केली ना मंजूर?" येसण्णा म्हणाला. "सरी, ठीक झालं." आणि उठून आत गेला. आमच्या गल्लीत दिवसा कुणी दार लावत नाही. त्यानं लावलं.