ब्लासिउसची दुसरी नळी

झिला लाउसेगर बसमधून उतरली ती थेट हार्टविग ओग्रिसच्या कारखान्यात शिरली. काखेत घोंगडीत गुंडाळलेली नवऱ्याची रायफल होती. घोंगडीची गाठ सुटायच्या आधीच हार्टविगने ती ओळखली. बंदूक घडवणाऱ्यांच्या या गावात, फेरलाखमध्ये, त्याने स्वतःचं काम सुरू केलं, त्याच वर्षी ही रायफल त्याने बोडेनटालच्या वनरक्षकासाठी, म्हणजे ब्लासिउससाठी घडवली होती. एका वेळी एकच काडतूस घेणारी, बिजागरीवर मोडून उघडणारी. बारशिंगा जागच्या जागी बसेल अशी दमदार.

"साफ करायला आणलीस?" त्याने विचारलं.

"साफच आहे. रोज पुसतो आणि परत भिंतीला टांगतो." झिला स्टुलावर बसली. "हिला दुसरी नळी करून दे, हार्टविग. छोट्या काडतुसाची. खांद्याला धक्का बसणार नाही अशी."

"ब्लासिउसने सांगितलंय?"

"त्याला विचारत बसले असते तर इथे आले असते का?"

मग तिने सगळं सांगितलं. मागच्या हिवाळ्यात ब्लासिउस कड्यावरून घसरला होता, तेव्हा उजव्या खांद्यात धातूची पट्टी बसवावी लागली, हे हार्टविगला ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं. या उन्हाळ्यात डोंगरावरच्या गाम्सांना, त्या कडेकपारीतल्या रानबकऱ्यांना, खरूज लागली. कातडी सोलवटते, जनावर खंगत खंगत मरतं. अशांना लवकर सोडवणं हे वनरक्षकाचं काम. एका आजारी मादीवर ब्लासिउसने नेम धरला आणि खांद्याच्या भीतीने चाप ओढण्याआधीच त्याचे डोळे मिटले. गोळी पोटात लागली. मादी पळाली. तो दोन दिवस रक्ताच्या मागावर फिरला. सापडली तेव्हा ती जिवंत होती.

"तेव्हापासून घरात धड बोलत नाही," झिला म्हणाली. "डाव्या खांद्यावरून मार म्हटलं, तर डाव्या डोळ्याला नीट दिसत नाही. जनावरं वर सडतायत आणि हा खिडकीत बसून बघतोय."

हार्टविगने रायफल उघडली, मिटली. मिटतानाचा तो जाड, मऊ आवाज अजून तसाच होता.

"ठेवून जा," तो म्हणाला.

नव्या रायफलीला दोन नळ्या करणं त्याच्या हातचा मळ होता. जुन्या रायफलीला नवी नळी बसवणं वेगळं. इतक्या वर्षांत लोखंडाला लोखंडाची सवय झालेली असते, कुठे झिजलेलं, कुठे चकाकलेलं. नळीखालचा आकडा, म्हणजे रायफलीच्या खाचेत अडकणारा लोखंडी हूक, दिव्याच्या काजळीने माखायचा, नळी बसवायची, काढायची, आणि काजळी जिथे पुसली गेली तिथेच कानशीचा हलका हात फिरवायचा. पुन्हा काजळी, पुन्हा कानस. शिवाय नुसतं बसून भागत नाही. नळी शंभरदा उतरवून चढवली तरी गोळी तिथेच लागली पाहिजे, नाहीतर रायफलीवर भरवसा कसला ठेवायचा?

काम करताना त्याला स्वतःचाच जुना हात जागोजागी दिसत होता. खाचेच्या तळाशी, जिथे कुणाचीही नजर जाणार नव्हती, तिथेही कोपरा सुरीसारखा होता. 'तेव्हा एवढा वेळ कुठून आणला मी?' त्याला वाटलं. आता संध्याकाळ झाली की त्याची बोटं थरथरायची. एकदा तशीच कानस जरा जास्त चालली. नळी बसली, पण खुळखुळली. कदाचित दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. हार्टविगने ती नळी कोपऱ्यात उभी केली, दिवा मालवला आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी नवीन नळी घेऊन पहिल्यापासून सुरुवात केली. यावेळी उजेड आहे तोवरच कानशीला हात लावायचा, हे ठरवून.

सरकारी चाचणी होऊन नळीवर शिक्का बसला. मग खाणीतल्या चांदमारीवर त्याने दोन्ही नळ्या आलटून पालटून चढवल्या, झाडल्या. छोट्या नळीची भोकं एका नाण्याखाली झाकली जात होती. तरी त्याला आनंद असा झाला नाही. ब्लासिउसला काय सांगायचं, हेच डोक्यात घोळत होतं.

सांगायची वेळ त्याच्यावर आली नाही. त्याच आठवड्यात ब्लासिउस स्वतःच दारात उभा राहिला.

"बायको म्हणते रायफल तुझ्याकडे तेल प्यायला आलीय. महिनाभर तेल पितेय?"

हार्टविगने दोन्ही नळ्या टेबलावर ठेवल्या. ब्लासिउसने छोटी उचलली, तिच्या तोंडात डोकावून पाहिलं आणि खाली ठेवली.

"हे काय? चिमण्या मारू?"

"गाम्सला पुरते."

"पोरींना जत्रेत देतात तसलं खेळणं. म्हातारा झालो म्हणून गावभर दवंडी पिट ना, ही नळी कशाला?"

"म्हातारा मीही झालोय. यातली पहिली नळी माझ्या हातून बिघडली." हार्टविगने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "ती बघ."

ब्लासिउसने तिकडे पाहिलं. मग जुनी नळी चढवून रायफल खांद्याला अडकवली, डाव्या खांद्याला, आणि निघून गेला. छोटी नळी टेबलावरच राहिली.

नोव्हेंबरात बर्फ पडलं. रविवारी चर्चबाहेर ब्लासिउसने हार्टविगला गाठलं. त्याने टोपी काढून हातात घेतली.

"वरच्या घळीत एक मादी आहे. पिल्लू आहे बरोबर. दोघांना खरूज लागलीय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "ती नळी आहे का अजून?"

"आहे."

"तू पण चल. पुन्हा तसंच झालं तर मी एकटा नको."

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघे निघाले. हार्टविगच्या पाठपिशवीत कापडात गुंडाळलेली नळी होती. ब्लासिउस पुढे, दर वळणावर मागे बघत. म्हणाला, "दमलास की सांग, उचलून नेणार नाही."

"तूच थांबतोयस."

घळीच्या तोंडाशी ते बर्फात आडवे झाले. समोरच्या उतारावर मादी उभी होती. मानेपासून पाठीपर्यंत केस नव्हते, करडी खपली. पिल्लू तिच्या पोटाखाली शिरायला बघत होतं आणि ती त्याला दूर करत होती. त्याचा स्पर्शही तिला सोसत नव्हता. ब्लासिउसने मोठी नळी उतरवली. छोटी चढवताना त्याचा उजवा हात वर जाईना, तेव्हा हार्टविगने दस्ता धरला. नळी आपल्या जागी बसली.

आधी पिल्लू. आई पडली की ते रानभर एकटं भटकलं असतं. हार्टविग समोर बघत नव्हता, तो ब्लासिउसच्या डोळ्याकडे बघत होता. आवाज झाला. डोळा उघडा होता. मादीने मान वर केली, पण पळाली नाही. ब्लासिउसने सावकाश दुसरं काडतूस भरलं.

दुसऱ्या आवाजाला ती पिल्लाशेजारी कोसळली.

आजारी जनावराचं मांस कुणी खात नाही, शिंगं भिंतीवर लावत नाही. त्यांनी दोघांना दगडांखाली पुरलं. त्याआधी ब्लासिउसने स्प्रूसच्या झाडाची डहाळी मोडून मादीच्या तोंडात ठेवली, मारलेल्या जनावराला शिकारी देतो तो शेवटचा घास. पिल्लासाठी मोडलेली डहाळी त्याने हार्टविगच्या हातात दिली.

"तू ठेव."

"मी शिकारी नाही."

"ठेव."

हार्टविगने गुडघे टेकले. इतकी वर्षं बंदुका घडवून त्याने हे कधी केलं नव्हतं. ओठ अजून ऊबदार होते.

उतरताना ब्लासिउस म्हणाला, "खांद्याला काही कळलंच नाही रे."

त्या हिवाळ्यात तो दर आठवड्याला वर जात राहिला, कधी कधी एकाच दिवशी दोनदा. घरी आला की झिलाजवळ बसून जेवायचा, आणि कुठल्या कपारीत काय पाहिलं ते तिला सांगायचा. काही दिवस सांगण्यासारखे नसत, तेव्हा नुसताच बसायचा. वसंतात बर्फ वितळलं तेव्हा उतारावर कळप थोडाच उरला होता, पण त्यांचे केस दाट होते.

हार्टविगने त्यानंतर नव्या रायफलीचं काम घेतलं नाही. दुरुस्तीला येईल ते दुपारपर्यंत करी आणि दुकान बंद करी. कुणी विचारलं तर सांगे, शेवटचं काम लाउसेगरकडे आहे, बघायचं तर बोडेनटालला जा.