दक्षिणेकडे तोंड करून

मुखेडच्या बसस्थानकावर अण्णांनी कंडक्टरला सांगितलं, "पोरगं ऑस्ट्रेलियाला चाललंय, खिडकीपाशी बसवा." कंडक्टर म्हणाला, "काका, ही गाडी नांदेडलाच थांबते." सगळे हसले. अण्णाही हसले आणि माझ्या बॅगेची सुतळी पुन्हा ओढून बघत राहिले. चार वर्षांत परत येतो, असं मी त्यांना म्हणालो होतो. त्याला एकोणीस वर्षं झाली.

तुमच्यातले जे निघून आले त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. रोस्टर, होम लोन, मुलीची शाळा. जे मागे राहिले त्यांना कितीही सांगितलं तरी ते कारण वाटत नाही, सबब वाटते. मलाही अलीकडे तसंच वाटतं.

दोन वर्षांपूर्वी मी इथलं नागरिकत्व घेतलं. हे घेतलं की भारताचं जातं. मेलबर्नमधल्या आमच्या कौन्सिलच्या हॉलमध्ये शपथ झाली, हातात एक रोपटं दिलं. शेजारी एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ऑस्ट्रेलियन म्हणजे मुळात नुसतं 'दक्षिणेचा'. शब्द लॅटिनमधला. युरोपातल्या लोकांनी ही भूमी बघितलीही नव्हती, तेव्हापासून नकाशाच्या तळाला ते 'दक्षिणेची भूमी' असं लिहून ठेवत. पुढे हा शब्द इथल्या मूळ रहिवाशांना लावला गेला आणि मग बाहेरून आलेल्यांनी तो स्वतःसाठी घेतला. मी रोपटं मांडीवर धरून ऐकत होतो. एवढ्या साध्या शब्दासाठी मला अण्णांपासून लपावं लागत होतं.

पुढच्या रविवारी फोनवर मी त्यांना शब्दाचा अर्थ सांगितला. शपथेचं सांगितलं नाही. अण्णा म्हणाले, "दक्षिणेचा व्हय? मग आपण दख्खनचे म्हंजे कोण? येकच झालं की." त्यांना हे फार आवडलं. पारावर जाऊन चौघांना सांगितलंही असेल. मी त्यांना हसू दिलं आणि फोन ठेवला.

तीन महिन्यांनी त्यांना नांदेडच्या दवाखान्यात हलवलं. माझा भारतीय पासपोर्ट रद्द झाला होता, परदेशी झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय येऊ देणारं ओसीआय कार्ड अजून यायचं होतं. तिकीट मिळत होतं, व्हिसा नव्हता. वेबसाइटवर एक फोटो चौकोनी नाही म्हणून तीनदा परत आला. वडिलांना बघायला जायचं कारण लिहायला फॉर्ममध्ये दोनशे अक्षरांची जागा होती. व्हिसा चौथ्या दिवशी आला. अण्णा तिसऱ्या दिवशी गेले. अग्नी माझ्या धाकट्या भावाने, दिगंबरने दिला.

मी पोचलो तेव्हा घरात माणसं होती. दहाव्यानंतर विहिरीवर आम्ही दोघंच असताना दिगंबर म्हणाला, "आपल्या घरी यायला तुला व्हिसा लागतो, दादा? अण्णा दोन दिवस इचारून राहिले, निघाला का. मी हाव म्हणत गेलो. तू मला त्यांच्यापुढं खोटं पाडलंस." सगळा राग त्या वेबसाइटवर काढत मी इतके दिवस काढले होते. पण वेबसाइटने मला अण्णांना सांगू नको असं म्हटलं नव्हतं.

यंदा पितृपक्षात दिगंबरने व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तीळ घे, पाणी घे, तोंड दक्षिणेला कर, पितरांची दिशा ती. आमच्या अंगणात दक्षिणेला शेजाऱ्याचं कुंपण आहे. त्यापलीकडे वस्ती, मग समुद्र, मग बर्फ. मुखेड बरोबर उलट्या अंगाला. अण्णांना पाणी द्यायला मला घराकडे पाठ करून उभं राहावं लागलं, आणि गल्लीत कोणाचं तरी गवत कापायचं मशीन चालू होतं. मला संताप आला. कोणाचा, ते सांगता येत नाही.

पाणी सोडताना मी मोठ्याने म्हणालो, "अण्णा, त्या शब्दाचा अर्थ सांगितला तेव्हा मी ऑस्ट्रेलियन झालेलो होतो. तुम्हाला सांगितलं नाही."

मागे पायरीवर ठेवलेल्या फोनमध्ये दिगंबर सगळं ऐकत होता. फोन बंद केला असता तरी मी त्याला दोष दिला नसता. माझं घर आता फोनमधल्या त्या माणसाएवढंच उरलं आहे.

मग तो म्हणाला, "तीनदा सोडायचं असतंय. अजून दोनदा सोड."