नावं हलली, आकडे राहिले

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. ऑफिसात तर कुणालाच नाही. तुम्हाला सांगते आहे — आणि सांगतानाही माझी चिडचिडच होते आहे.

शिरोलीच्या एका फाउंड्रीत मी क्वालिटीचं रेकॉर्ड ठेवते. कुठल्या मोल्डरचे — म्हणजे वाळूचे साचे भरणाऱ्याचे — किती ओतलेले जॉब बाद झाले, ते एक्सेलमध्ये. खंडेनवमीला आमच्याकडे भट्टीची पूजा होते. वर्षभरात ज्याचे सगळ्यात कमी जॉब बाद, त्यानं नारळ फोडायचा. सहा-सात वर्षं तो मान सर्जेरावकाकांचा होता.

मग एका वर्षी साहेबांना यादी आडनावांप्रमाणे हवी झाली. तीही ऐन पूजेच्या सकाळी! मी सॉर्ट मारलं. पण बाद जॉबचे आकडे दुसऱ्या शीटमधून येत होते, ओळीला ओळ लावून — आणि तो फॉर्म्युला कुणाचा? माझाच. नावं वरखाली झाली, आकडे जागच्या जागी राहिले. एक्सेलनं साधी कुरकुरसुद्धा केली नाही. काकांसमोर सगळ्यात वाईट आकडा आला. मी तपासलं का? नाही. छापलं आणि बोर्डावर लावलं.

नारळ दुसऱ्यानं फोडला. साहेब म्हणाले, वय झालं आता त्यांचं. पूजा झाल्यावर काका माझ्या टेबलाशी आले.

"पोरी, तू काढलंयस म्हंजे बरोबरच असणार की. डोळं गेलं म्हणायचं माझं."

ते गेल्यावर मी शीट उघडली. चूक दोन मिनिटांत सापडली — दोन मिनिटांत! साहेबांची केबिन किती लांब होती? दहा पावलं. पण सगळे मला एक्सेलवाल्या मॅडम म्हणतात ना. ते नाव मला सोडवेना. मी प्रत्येक कामगाराच्या टोकन नंबरवरून आकडा शोधणारा फॉर्म्युला घातला, सेव्ह केलं आणि डबा खायला गेले.

काकांनी डोळे तपासून घेतले. काही निघालं नाही. तरी त्यांनी स्वतःहून साचे सोडले आणि वाळू चाळायचं काम मागून घेतलं. एवढा कसबी माणूस दोन वर्षं वाळू चाळत होता, आणि मी रोज त्याच्यासमोरून जात होते.

नव्या फॉर्म्युल्यानं ती यादी मी तेव्हाच पाहिली होती. त्या वर्षीही सगळ्यात कमी बाद जॉब काकांचेच होते.

रिटायर झाले त्या दिवशी पेढे वाटत ते माझ्याकडे आले. इतरांना एकेक, मला दोन दिले. मी दोन्ही खाल्ले.