सगळे जमल्यावर सुरू करू

जगात कुणालाही कसलीच घाई नसते, अशी माझ्या वसतिगृहातल्या पार्टनरची पक्की समजूत होती. धडगावच्याही वरच्या पाड्यावरचा हा पावरा आदिवासी गडी साठच्या दशकात माझ्याबरोबर बी.एस्सी.ला होता आणि वनस्पतिशास्त्रात आम्हा सगळ्यांचा बाप होता. कुठलंही पान हातात आलं की आधी चावून बघायचा. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत त्याने समोरचा नमुनाच खाऊन टाकला आणि परीक्षकांना शांतपणे सांगितलं, "सर, याची भाजी होते. लसूण जास्त घालायचा." त्यांनी नाव विचारलं होतं, याने कृती सांगितली, आणि कमाल म्हणजे त्यांनी ती लिहून घेतली! वर्गात सगळी मुलं आल्याशिवाय हा बाकावर टेकत नसे. त्याच्या पाड्यावर शेवटचा माणूस डोंगर उतरून येईपर्यंत पंचसुद्धा तोंड उघडत नसत, मग प्रोफेसरांनाच कसली घाई, असं त्याला मनापासून वाटायचं. मी तापीकाठचा गुजर, घड्याळ बघून जेवणारा. त्याच्यावर रोज चिडायचो, आणि त्याच्याशिवाय मला करमायचंही नाही.

एके वर्षी एका विद्यापीठाने आडवळणाच्या जिल्ह्यांतल्या आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी संशोधनाचं प्रशिक्षण काढलं. आमच्या कॉलेजला जागा एकच, ती अर्थातच त्याला मिळाली. तो वेळेवर रुजू झाला नाही तर मला, असं पत्रात लिहिलं होतं. रुजू व्हायची तारीख नेमकी होळीच्या आठवड्यात आली, आणि याने तर काठी गावच्या होळीत नाचायचं व्रत धरलेलं. त्याला पालनी म्हणतात. आंघोळ नाही, खाटेवर बसायचं नाही, आणि होळी पेटेपर्यंत मोडायचं नाही. मी परोपरीने सांगितलं, "आरे, जागा हातमाईन जाई."

"त्यास्ले कागद धाडेल शे, भाऊ. होळी व्हयनी का येसू," तो म्हणाला. "थांबतीन त्या."

त्याचं पत्र मिळूनही विद्यापीठ थांबलं नाही. त्याच्या जागी मी गेलो.

होळीनंतर आठव्या दिवशी तो ट्रंक घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभा. दंडावरचे राखेचे ठिपके अजून पुरते गेले नव्हते. माझ्या शेजारी युगांडाहून आलेला एक विद्यार्थी काम करत होता. त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघून याचा चेहरा खुलला. "तू बी आठेच शे? बरं व्हयनं. आते सर्वा उनात ना? चालू करूत." सगळे आल्यावरच सुरुवात होणार, हे त्याने धरूनच ठेवलं होतं.

जागा एकच होती आणि ती आता माझी आहे, हे मी त्याला सांगितलं. तो रागावला असता तर फार बरं झालं असतं.

पुढे तो डोंगरातल्या शाळेत मास्तर झाला, मी प्राध्यापक. दूरदूरची मुलं मी प्रशिक्षणाला घेतली, त्यांच्या सणांच्या तारखा आधी विचारून घेतल्या, आणि प्रत्येक तुकडीत त्यालाच शोधत राहिलो. तो ट्रंक घेऊन आला त्या दिवशी विभागप्रमुख शेजारच्याच खोलीत बसले होते. ही जागा याची आहे, एवढंच जाऊन सांगायचं होतं. मी त्याला कँटीनमध्ये चहा पाजला आणि एस.टी.त बसवून दिलं.