शेलूबाजारच्या दुर्गाबाईचा गव्हर्नर

आपल्या जिल्ह्याचा कलेक्टर कोण, हे दुर्गाबाईला विचारून पाहा. नाही सांगता यायचं. पण सातासमुद्रापलीकडच्या एका प्रांताचा गव्हर्नर आज दाढी करून आला की तशीच ठेवून, हे ती दुधाला उकळी यायच्या आत सांगायची. देशाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर शेलूबाजारात त्या देशाच्या बाजूचे आणि विरोधातले असे दोन तट पडतील. आमच्याकडं तट पडायला काय लागतं? पानठेल्यावर एक बाक पुरतो.

दुर्गाबाईचं चहाचं दुकान हायवेला लागून, जीप उभ्या राहतात तिथं. नवरा देवमन गेला तेव्हापासून ते तिनं एकटीनं चालवलं, पोरगी सपना शिकवून बँकेत लावली, पोरगा प्रसेनजित आयटीआयला घालून वेल्डर केला. कोणाच्या दारात हात पसरला नाही आणि कोणाचं ऐकूनही घेतलं नाही. उधारीवर चहा मागायला आलेल्या एका पुढाऱ्याला तिनं बशीत फक्त गाळ ओतून दिला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तिच्या जिभेला भिऊन ड्रायव्हर लोक चहा गार झाला तरी बोलत नसत.

प्रसेनजित त्या देशात सिमेंटच्या कारखान्यात लागला. सोबत मारोतरावांचा प्रज्वल. मारोतराव म्हणजे वीस एकरांचे धनी, आवाज चाळीस एकरांचा. दोन्ही पोरं एकाच एजंटानं नेली आणि पुढं एकाच लढाईत सापडली. कारखाना बंद पडला, शहराला वेढा पडला, पोरं कॅन्टीनच्या तळघरात राहू लागली. तेव्हापासून दुर्गाबाईच्या चहाचं गणित बिघडलं. कधी साखर दोनदा, कधी नाहीच. गिऱ्हाईक गप पीत असे.

तिथला गव्हर्नर रोज सकाळी मोबाईलवर बोलायचा. सपनाचा फोन त्याचं बोलणं हिंदीत करून दाखवायचा, आणि बँकेत जायच्या आधी ती आईला वाचून सांगायची. गव्हर्नरची कारकीर्द ऐकण्यासारखी होती. मूळचा हा जकात नाक्यावरचा साहेब. लढाई सुरू होताच आधीचा गव्हर्नर पळाला, खुर्ची रिकामी दिसली, हा बसला. पहिल्याच आठवड्यात त्यानं नदीवरचा पूल उडवला. शत्रू अडला खरा, पण पलीकडच्या काठाची माणसं पलीकडंच राहिली. मग एका संपादकाला आत टाकलं. व्यापाऱ्यांची गोदामं फोडून लोकांना पीठ वाटलं, आणि त्यातलं थोडं मेव्हण्याच्या बेकरीत गेलं म्हणतात. असा गुणी माणूस आपल्याकडं असता तर बिनविरोध निवडून आला असता.

मारोतराव बाकावर बसून त्याला रोज शिव्या घालत. "पूल उडवून आपल्या पोट्ट्यायचा रस्ताच बंद केला हरामखोरानं!"

"आन नसता उडवला तं?" दुर्गाबाई म्हणायची. "रनगाडे कॅन्टीनमधी चहा प्याले आले असते."

"तुमी त्याची बाजू घेता?"

"म्या कायले घेऊ? माहा पोट्टा त्याच्या गावात हाये म्हनून त्याचं थोबाड पाह्यते. नाई तं कोन पाह्यते बाप्पा त्याले!"

एका सकाळी तो दाढी न करता आला. दुर्गाबाईच्या हातातून गाळणी पडली. गव्हर्नर म्हणाला, शत्रूशी बोलणं झालं आहे, उद्या एक दिवस रस्ता मोकळा राहील, स्टेडियमवरून बसेस सुटतील, ज्याला जायचं त्यानं जावं. राजधानीतल्या लोकांनी लगेच ओरड केली, हा फितूर झाला. त्याच रस्त्यावर मागच्या महिन्यात एक बस जळाली होती, हेही सपनानं वाचलं, आणि वाचून झाल्यावर कशाला वाचलं असं तिला झालं. एजंटाचा निरोप आला, हलू नका. आपल्या सरकारी कचेरीतून उत्तर आलं, परिस्थिती पाहून स्वतः निर्णय घ्यावा.

दुसऱ्या दिवशी प्रसेनजितचा फोन आला. आवाज तुटत होता. "माय, बस लागली. बसू का नोको? लवकर सांग, फोन बंद पडून राह्यला."

इकडं सपना दुसऱ्या फोनवर बातमी पाहत होती. ती म्हणाली, "माय, गव्हर्नरच्या नावानं सारा देश बोंबलून राह्यला. त्यानं आपल्या पोरीले पयल्याच बसमधी बसवलं. हा पाह्य फोटू."

लाल कोट घातलेली पोरगी, हातात पिशवी, तोंड रडवेलं.

मारोतराव उठून उभे राहिले. "सांगतलं होतं नं म्या! लोकायले मराले सोडलं, आन सोताच्या पोरीले आंधी काढून राह्यला! चोर!"

"पयल्या बसमधी?" दुर्गाबाईनं विचारलं.

"काय?"

"पोरगी पयल्या बसमधी हाये नं?" आणि तिनं फोन तोंडाजवळ धरला. "प्रसेन, त्याच बसमधी चढ. जागा नसली तं उभा राह्य, पन त्याच बसमधी. प्रज्वलले ओढ."

"दुर्गाबाई, चोराच्या भरोशावर पोट्टा पाठवता?"

"भाऊ, पावसाळ्यात आपला जीपवाला मदनसिंग काय म्हनते? नाल्याले पूर असला तरी म्हनते, बसा, काई होत नाई. पन त्याची बायको माहेरी जाले जीपमधी बसली, का मले समजते पानी उतरलं. लोकायच्या पोरायचं कोनी सांगावं? सोताच्या पोरीले कोनी आगीत टाकत नाई."

मारोतरावांनी फोन हिसकला. "प्रज्वल, तू हलू नोको! तळघर पक्कं हाये!" आणि फोन बंद पडला.

मग काय विचारता. इतर वेळी एखाद्याची बायको माहेरी गेली तर तीन दिवस पुरेल एवढी चर्चा करणारे आम्ही, दिवसभर चहाच्या रिकाम्या पेल्यात पाहत बसलो. दुर्गाबाई भांडी घासत होती. घासलेली पुन्हा घासत होती. मारोतराव बाकाच्या टोकाला बसून होते आणि उठायचं नाव घेत नव्हते. तिचा पोरगा मेला तर यांचं म्हणणं खरं, आणि वाचला तर? तो विचार त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होता, आणि त्याची त्यांना लाजही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रसेनजित सीमेपलीकडून बोलला. बस ठिकठिकाणी अडवली, शिपाई आत आले, गव्हर्नरच्या पोरीला पाहिलं आणि जाऊ दिलं. ती वाटभर त्याच्या बुटांवर ओकली. दुर्गाबाई हसली, आणि तिनं चहाचं आधण ठेवलं.

प्रज्वल आला नव्हता. पहिल्या दोन बसेस गेल्या तोवर राजधानीनं गव्हर्नरला काढलं. ठरलेलं सगळं मोडलं, उरलेल्या बसेस परत फिरल्या. गव्हर्नर स्वतः कुठंच गेला नव्हता. कचेरीत बसून होता, तिथंच त्याला बेड्या घातल्या.

आता नवा गव्हर्नर आहे. दाढी गुळगुळीत, कपडे कडक, भाषण फक्कड. एक इंच मागं हटणार नाही म्हणतो. परवा म्हणाला, येत्या आठवड्यात मी बसेस सोडतो. मारोतराव पहाटेच दुकानावर आले. आवाज चाळीस एकरांचा राहिला नव्हता.

"सपना, याले पोरंबाळं हायेत का पाह्य बरं."

सपनानं बराच वेळ शोधलं. "हायेत, काका. पन ते राजधानीत राह्यतात."

मारोतरावांनी दुर्गाबाईकडं पाहिलं. "बाई, या खेपी तुमी म्हनसान तसंच करतो. प्रज्वलले बसमधी बस म्हनू का नोको म्हनू?"

एवढी तोंडाची बाई. तिनं फोन हातात घेतला, त्या गुळगुळीत तोंडाकडं पाहत राहिली, आणि म्हणाली, "मले नाई समजत, भाऊ."