यादीत मेलेली बाई

मंगळवारची सकाळ. दूध उतू जायच्या बेतात होतं, मुलीचा एक मोजा सापडत नव्हता, आणि सासूबाई खिडकीपाशी बसून कोणाच्या घरी कपडे वाळत घालायला उशीर झालाय याचा जाहीर अहवाल देत होत्या. हे न्हाणीघरातून ‘टॉवेल!’ म्हणून ओरडले आणि तेवढ्यात दारावर टकटक झाली. आमच्याकडे घंटा आहे आणि ती व्यवस्थित वाजते. ती सोडून बोटांच्या पेरांनी दार वाजवणारी सबंध इमारतीत एकच बाई. समोरच्या दारातल्या नोंदताई.

“आली शिरगणती!” सासूबाई म्हणाल्या. “सांग गं तिला, कालच्याएवढीच माणसं आहेत.”

एरवी ताईंचं उत्तर तयार असतं. “आजी, तुम्हाला मी दोनदा मोजते, एकदा अंगासाठी, एकदा तोंडासाठी.” त्या दिवशी त्या सरळ माझ्याकडे वळल्या. वेणी अर्धीच घातलेली, उरलेले केस खांद्यावर तसेच. उंबऱ्यात उभ्या राहून त्यांनी मला विचारलं, “समोर शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर ती म्हातारी बसायची ना, हिरवी शाल पांघरून? तू तिला सकाळी गरम पाणी द्यायचीस. ती किती दिवसांत दिसली नाही?”

मी गॅस बंद केला. आठ दिवस? पंधरा? मला सांगता येईना. एका सकाळी पाणी घेऊन गेले, ती नव्हती. दुसऱ्या सकाळीही नव्हती. तिसऱ्या दिवशी मी पाणी तापवलंच नाही. बरी जागा मिळाली असेल कुठेतरी, असं मनाशी म्हणाले आणि कामाला लागले.

“का हो ताई?”

“आज माझ्याबरोबर चल. ती जिवंत आहे की मेलीय, हे तुझ्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही.”

सासूबाईंनी खिडकीतून मान वळवली. म्हणाल्या, “जा तू. डबे मी भरते.” लग्नाला सोळा वर्षं झाली, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

ताईंचं काम काय, ते आधी सांगायला हवं. आमच्या रस्त्याच्या टोकाला बेघर माणसांसाठी निवारा आहे, ऐंशी खाटांचा. तिथल्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत, एका संगणकापुढे त्या गेली नऊ वर्षं बसतात. पूर्वी निवाऱ्याची वही वेगळी, दवाखान्याची वेगळी, जेवणघराची वेगळी, रस्त्यांवरून फिरणाऱ्या गाडीची वेगळी, आणि खोल्या देणाऱ्या कचेरीची तर कुलूपबंद. बेघर माणसानं प्रत्येक दारात उभं राहून नव्यानं सांगायचं, की घर कसं गेलं, कोण कोण वारलं, कुठे दुखतं. “एकच दुःख पाच वेळा सांगून माणसाला ते खोटं वाटायला लागतं गं,” ताई म्हणायच्या. मग पाचही ठिकाणांची मिळून एक यादी झाली. कोणीही नोंद केली की ती पाचही पडद्यांवर दिसते. दवाखान्यात पट्टी बांधली की निवाऱ्याला कळतं, आज याला खालची खाट द्यायची. त्या यादीसाठी सभांमधून सगळ्यात जास्त भांडल्या त्या ताईच.

त्या यादीत एक मोठी भानगड होती, एका माणसाच्या दोन-तीन नोंदी. गाडीनं एक केलेली, दवाखान्यानं दुसरी. त्या शोधून एकत्र करायच्या, याला ते ‘जोडणं’ म्हणतात. जोडलं की दोन नोंदींची एक होते, आणि एकदा झालेली एक पुन्हा दोन करणं महाकठीण. ताई जोडण्यात तरबेज. अगदी डोळ्यांत तेल घालून बसायच्या. त्यांचे यजमान बसगाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, ते म्हणायचे, “लोक लग्नं जुळवतात, आमची बायको माणसाला त्याच्याशीच जुळवते.”

वाटेत ताईंनी मला सगळं सांगितलं. भरभर चालत, माझ्याकडे न बघता.

तीन आठवड्यांपूर्वी दवाखान्यात एक म्हातारी वारली. नाव सांगितलेलं नाही, दात नाहीत, अंगावर हिरवी शाल. दवाखान्यानं यादीत शोधलं, वर्णन जुळलं, त्यांनी मृत्यूची नोंद केली. क्षणात पाचही ठिकाणी नोंद बंद. ताईंनी पडद्यापुढे दोन मिनिटं हात जोडले आणि पुढच्या कामाला लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता त्या बंद नोंदीत नवी ओळ उमटली. ‘जेवण दिलं.’

जेवणघराचा नियम असा, की भुकेल्याला परत पाठवायचं नाही. नोंद बंद असली तरी प्रत्येकाला दिलेल्या कार्डाचा नंबर टाकला की जेवणाची ओळ चढते. कोणीतरी चुकीचा नंबर टाकला असेल, असं ताईंनी धरलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा एक वाजता, ‘जेवण दिलं.’ चौथ्या दिवशीही.

“त्या जिन्याखाली मी एकटी असते,” ताई म्हणाल्या. “एकाला पाच कमी असताना मी डबा उघडते, पण डोळे पडद्यावर. मग पडद्यावर ती ओळ येते. आवाज नाही, काही नाही. नुसती ओळ. वाटतं, तिकडे ती जेवतेय, इकडे मी जेवतेय, आणि मधे फक्त ही काच आहे.”

“मग जेवणघरात जाऊन बघितलं नाहीत?”

“काखेत कळसा! दोनशे पावलांवर जेवणघर. एकोणीस दिवस मी ती दोनशे पावलं टाकली नाहीत. घाबरत होते.”

“भुताला?”

“नाही गं. भूत निघालं असतं तर बरं. माझीच चूक निघेल, अशी मनात धाकधूक होती.”

काल त्या गेल्या. रांगेच्या शेवटी बाकावर हिरवी शाल पांघरलेली म्हातारी जेवत होती. ताई तशाच मागे फिरल्या आणि जुन्या नोंदी उघडून बसल्या. पावसाळ्याआधीच्या एका दुपारी त्यांनी स्वतःच दोन नोंदी जोडलेल्या निघाल्या. दोन्हींत बाई, नाव नाही, दात नाहीत. दोन्हींत जन्मतारीख एक जानेवारी, कारण ज्याला जन्मतारीख माहीत नाही त्याची ते एक जानेवारी लिहितात. फोटो नाही, कारण दोघींनी नको म्हटलेलं, आणि नकोला नको म्हणायचं नाही हा नियम ताईंनीच भांडून करून घेतलेला. आणि ओळखीची खूण, ‘हिरवी शाल’.

“अगं, त्या शाली मीच बांधल्या होत्या,” ताई रस्त्यातच थांबल्या. “एका गिरणीनं दिलेल्या, तीनशे, एकाच ताग्यातल्या. दहा-दहाचे गठ्ठे या हातांनी केले. आणि तोच रंग खूण म्हणून वाचला तेव्हा माझ्या डोक्यात काही, काही आलं नाही.”

आता आणीबाणी अशी होती. त्या नोंदीला अकरा महिन्यांनी खोली लागली होती, स्वतःचं दार असलेली. पण नोंद मेलेल्या बाईची, म्हणून कचेरीनं पुढच्या माणसाचं नाव काढलं होतं. उद्या दुपारी बारा वाजता किल्ली त्याच्या हातात पडली की संपलं. आज दिवस मावळायच्या आत कचेरीला पटवायचं होतं, की ही म्हातारी जिवंत आहे. त्यासाठी निवाऱ्याबाहेरचं, दोघींपैकी एकीला जवळून ओळखणारं माणूस लागत होतं. त्यांच्या मते तशी मी एकटीच होते.

जेवणघर म्हणजे पत्र्याची लांब खोली. वाफेनं भिंती ओल्या झालेल्या. एक वाजायला अजून वेळ होता, पण ती बाकावर येऊन बसली होती. पाठमोरी. तीच शाल, तसेच वाकलेले खांदे. माझ्या जिवात जीव आला. ‘आहे, आहे ही!’ असं ओठांवर येणार तेवढ्यात ती वळली.

माझी म्हातारी कधी वर बघायची नाही. पाणी घेताना मला दिसायचं ते तिचं मनगट, त्यावर जुन्या भाजल्याचा चकचकीत डाग, पानाएवढा. या बाईनं थेट माझ्या डोळ्यांत बघितलं. म्हणाली, “काय बघतेस? कोणाचं देणं लागते का मी?”

“आजी, हात दाखवता जरा?”

“भविष्य सांगतेस? सांग, मागचं नको सांगू.” तिनं दोन्ही हात पुढे केले. मनगटं सुरकुतलेली, कोरी. डाग नव्हता.

ताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी नकारार्थी मान हलवली. त्या एकदम बाकावर बसल्या.

म्हणजे ही जिवंत होती. आणि वारली ती माझी. मी तिसऱ्या दिवशी पाणी तापवायचं बंद केलं, तेव्हा ती दवाखान्यात होती की त्या पायरीवरून नुसती कुठेतरी सरकली होती, कोण जाणे. त्या ओल्या भिंतींच्या खोलीत मला माझ्या मागे कोणीतरी कप धरून उभं आहे असं वाटत राहिलं. दोनदा वळून बघितलं. कोणी नव्हतं.

ताईंनी खिशातून कागद काढला. जोडलेल्या नोंदीतल्या ओळी त्यांनी उतरवून आणल्या होत्या. “आजी, तुम्हाला बहीण आहे? तिला कळवू नका, असं तुम्ही सांगितलेलं का?”

“बहीण? असेल. सगळ्यांना असते.”

“शिवण येतं तुम्हाला?”

“येत होतं वाटतं.”

“मोठ्या आवाजाची भीती वाटते?”

“आता तुझीच वाटायला लागलीय. किती विचारतेस गं!”

ताईंनी कागदाची घडी घातली. नंतर मला हळूच म्हणाल्या, “यातलं कोणतं हिचं आणि कोणतं तिचं, हे आता कुणालाच कळणार नाही. दोघींची आयुष्यं मी एकाच पिशवीत ओतली.”

कचेरी तिसऱ्या मजल्यावर. म्हातारी एकेक पायरी बसत-उठत चढली आणि प्रत्येक मजल्यावर “आला का स्वर्ग?” म्हणून विचारत राहिली. खोल्या देणारे साहेब चाळिशीचे, सर्दी झालेले, पण माणूस वाईट नव्हता. ताईंचं सगळं ऐकून घेतलं. मला विचारलं, “तुम्ही या बाईंना ओळखता?”

“नाही. जी वारली तिला ओळखत होते. ही ती नाही.”

“लिहून द्याल?”

मी लिहून दिलं. मनगटाचा डाग, पायरी, सकाळची वेळ, सगळं. खाली सही केली.

साहेबांनी दवाखान्याला फोन लावला. पलीकडे बराच वेळ कोणीतरी कागद चाळत होतं. मग साहेब ऐकत राहिले आणि फक्त “डाव्या? बरं,” एवढं म्हणाले. फोन ठेवून माझ्याकडे बघितलं. “डाव्या मनगटावर भाजल्याची खूण. त्यांच्या कागदावर आहे.”

मग पाच-सात कळा दाबल्या. मृत्यूची ओळ पडद्यावरून गेली. बंद नोंद उघडली. पुढच्या माणसाला पुढची खोली, तीही याच महिन्यात. उद्या बाराला किल्ली म्हातारीच्या हातात.

“म्हणजे मी मेले होते म्हणे?” म्हातारीनं विचारलं.

“कागदावर, आजी,” साहेब म्हणाले.

“तरीच. महिनाभर कोणी हटकत नव्हतं.” तिनं शाल सावरली. “खोलीला आतून कडी आहे?”

“आहे.”

“मग चालेल.”

मला वाटलं झालं. मी पिशवी उचलली. ताई उठल्या नाहीत. पडद्याकडे बघत होत्या, जिथे मघाशी ती ओळ होती आणि आता नव्हती.

“साहेब, मग वारली ती कुठे गेली?”

“कुठे म्हणजे?”

“यादीत. जोडताना तिची नोंद हिच्यात गेली. आता मृत्यूही पुसला. ती कुठेच नाही.”

साहेबांनी नाक पुसलं. “ताई, तुम्हाला नियम माहीत आहे. खाट, जेवण, औषध, खोली, यातलं काही द्यायचं असेल तरच नवी नोंद उघडते. तिला आता काय द्यायचंय? चूक निस्तरली, खोली मिळाली. तुमच्यावर ठपकाही येऊ देत नाही मी. तांत्रिक दोष म्हणून लिहितो.”

“ठपका लिहा. त्याचं काही नाही.” ताईंचा आवाज एकदम साधा होता, भाजीवालीला पिशवी मागावी तसा. “माझी एकच विनंती आहे. त्या बाईची वेगळी नोंद उघडू द्या. नावाचा रकाना रिकामा राहिला तरी चालेल.”